समुद्राचा पन्हा

कमांडर अंबादास बोद्धूल
निवृत्त होऊन साखर पेठेत परतले,
जिथं नळाला पाचव्या दिवशी पाणी येतं.
पहाटे तीनला नळ आधी नुसती हवा ओकतो.
ते स्टुलावर बसून ती हवा ऐकायचे,
अजून पहाऱ्यावर असल्यासारखे.

वडील मागावर. त्यांचा एकच प्रश्न:
"समुद्राचा पन्हा किती रे, अंबादास?"
चादरीहून रुंद काही
त्यांनी कधी हातानं मोजलं नव्हतं.
मुलगा दोन्ही हात पसरायचा.
म्हातारा मान हलवायचा,
"एवढं सूत आणायचं कुठनं!"

सुट्टी जानेवारीत, ऐन गड्ड्याच्या दिवसांत,
पण पाळण्यांकडे ते फिरकायचे नाहीत.
थेट पार्क मैदान.
नौदलाचा पांढरा वेगळा, क्रिकेटचा वेगळा,
आई दोन्ही एकाच निळीत बुडवायची.

मी स्कोअरर. डुगडुगतं टेबल,
पेन्सिल दोऱ्यानं बांधलेली.
ती पाहून म्हणाले, आम्ही डेकवर चेंडू असाच बांधतो.
तुटला की गेला,
चेंडूसाठी बोट कुणी वळवत नाही.
म्हटलं, आमच्याकडे गटारात गेला की आऊट.
"नियम तोच," ते हसले, "गटार तेवढं मोठं."

त्र्याऐंशी साली, रेल्वेच्या संघाशी,
ते एकोणपन्नासवर.
चेंडू पॅडला लागून फाइन लेगला गेला, एक धाव पळाले.
अंपायरनं गुडघा उचलून त्यावर हात ठेवला.
मी पाहिलं.
पण मी कुंपणाकडेही पाहिलं होतं:
म्हातारा पहिल्यांदाच माग बंद करून आलेला,
केसांत कापसाचे तंतू,
कुणी टाळ्या वाजवल्या की मागाहून वाजवणारा.
मी धाव फलंदाजाला दिली.
पुढच्याच चेंडूवर ते बोल्ड झाले.

म्हातारा गेला तो ते पन्नास बघून.

सव्वीस वर्षांनी, नळाची वाट बघत,
मी कमांडरांना सांगून टाकलं.
बराच वेळ काही बोलले नाहीत.
मग म्हणाले, "वही आण."

आणली. कडा वाळवीनं खाल्लेल्या.
मी खोडरबर काढला तर मनगट धरलं.
"लॉगबुकात खोडायचं नसतं, गजाजी.
चूकसुद्धा वाचता आली पाहिजे."
पन्नासवर एकच आडवी रेघ,
वर एकोणपन्नास, बाजूला सही,
हुद्दा, तारीख, वेळ: ०३४०.
वही मिटली नाहीच,
रेघेखालच्या पन्नासवर अंगठा ठेवून बसले.
तेवढ्यात नळ फुसफुसला.
"आलं," म्हणाले,
आणि बादली सरकवायला उठले.

ते गेले त्याला आता दोन उन्हाळे झाले.
काल पुन्हा वही काढली तेव्हा दिसलं,
अवांतरच्या रकान्यात
लेगबायची एक काडी घालायची राहूनच गेली होती.
घातली.
बेरीज दोनदा केली,
तेवढीच भरते.