माक्याचं तेल

सोहारला पाणी समुद्राचंच.
मीठ काढतात, मग टँकरनं येतं.
अंगाला मानवतं, केसांना नाही.
न्हाणीच्या जाळीत रोज एक काळं घरटं,
सहा जणांचं मिळून.
कुणाचं किती, कुणी विचारत नाही.

माझं मला माहीत आहे.
हेल्मेटच्या आतल्या पट्ट्यावर आज मोजले :
अकरा.

नजीर मुकादम, वेसवीचा, क्रेनवरचा,
म्हणाला, एरंडेलानं उशी चिकटते,
खोबरेलानं घर आठवतं,
तू तिळाचं घे.
इथल्या म्हाताऱ्या तेच चोळतात
आणि बोरीचा पाला वाटून डोकं धुतात.
मग गुरुवारी रात्री आम्ही दोघांनी
गोल चौकातली नगरपालिकेची जास्वंद
टिफिनात भरून आणली.
(नजीर म्हणाला, कुणी धरलं तर सांग, देवाला वाहायचीय.
मी साक्षीदार.)
हॉटप्लेटवर तेल, तेलात फुलं, मूठभर मेथी.
वास भिंतीपलीकडच्या केरळवाल्यांना लागला.
एक जण दारात आला,
म्हणाला, कढीपत्ता नाही टाकला?
मुठीत घेऊनच आला होता.

तसं प्रणितानंही धाडलेलं होतं फेब्रुवारीत,
पाटाच्या कडेचा माका ठेचून, खोबरेलात मुरवून,
खेर्डीच्या कुणाबरोबर.
बाटली फुटली नाही, नुसती झिरपली
त्याच्या शर्टांवर, मेतकुटाच्या पुडीवर,
करारपत्राच्या दुसऱ्या पानावर.
बिचाऱ्याच्या पगाराचा आकडा अजून हिरवा आहे.
उरलं ते एसीत थिजतं,
दाराबाहेर नेलं की पाण्यासारखं.
मी उंबऱ्यावर उभा राहून बाटली कलती करतो
आणि वाट बघतो.

फोनवर मी भुवयांपासून खालीच असतो.
"डोकं कापलं जातंय तुमचं," ती म्हणते.
"नेटवर्क," मी म्हणतो.
"नेटवर्क नेमकं डोकंच कापतं होय?"

मागच्या शुक्रवारी
मुलीला उचलायला ती वाकली
आणि ओढणी घसरली.
भांग. बोटभर रुंद.
पायवाट होती तिथं गाडीवाट झालेली.
मी बघितलं, हे तिनं बघितलं.
बाळंतपणानंतर गळतातच, म्हणाली. येतात परत.
मुलगी चौदा महिन्यांची आहे.

"तो माका... तुला ठेवलास का थोडा?"
"पाट आटलाय," ती म्हणाली,
"पाणी सोडतील तेव्हा उगवेल."
आणि मग एकदम, मास्तरीणबाईंसारखी :
"बोटांच्या पेरांनी चोळा. नखं लावू नका."

आज रंगाच्या पालथ्या बादलीवर बसलोय.
टनभर लोखंड अलगद खाली ठेवणारा
नजीरचा अंगठा माझ्या टाळूवर गोल फिरतोय.
कानामागून ओघळलेलं तो बाहीनंच पुसतो.
म्हणतो, नाही उगवले तर पैसे परत.
पैसे कुठले दिलेत मी.

फोन वाजतो.
तेलकट हातानं उचलतो,
आणि हात जातो तसा जाऊ देतो, वर, डोक्याच्याही वर.

ती बघते.
मागे कुकरची शिट्टी होते, तरी उठत नाही.
"हे काळं काय चिकटलंय?"

"पाकळी," मी म्हणतो,
"जास्वंदीची.
सरकारी."