तपासणी

जालन्याबाहेर, रोलिंग मिलच्या मागं,
पऱ्हाट्या उपटून सपाट केलेल्या रानात
चुन्यानं आखलेला वाकडातिकडा ट्रॅक.
माझं टेबल लिंबाखाली.
हेल्मेटची तारीख, आग विझवायची बाटली, खिडकीची जाळी,
मग पिंजऱ्याचे पाइप पान्यानं वाजवून बघायचे.
पाइप इथलेच. आवाज खणखणीत.

अकरा नंबर, गहिनीनाथ.
निळी एट हंड्रेड, एक दार पिवळं.
सगळं बरोबर होतं.
पट्टा ओढला आणि बोटाला शिवण लागली.

लाल दोरा, दुहेरी टीप,
कंपनीला जमणार नाही इतकी सरळ.
"मायनं शिवलाय. बिडकीनला गाडी उलटली तवा..."
एवढं बोलून तो गप्प झाला.

नियम एका ओळीचा आहे:
शिवलेला पट्टा चालत नाही.
आणि बाद पट्टा तिथंच कापायचा,
नाहीतर तो पुढच्या कुणाच्या गाडीत बसतो.
कात्री बोथट होती. वेळ लागला.

बांधावरून बाई उतरून आली, हातात डबा.
"माझा दोरा कुठं तुटला, दाखवा."

दोरा नाही तुटला, म्हटलं.
या पट्ट्यानं एकदा लेकराचं वजन झेललंय.
आतून ताणलाय, वरून कळत नाही.
परत झेलेल का, ते त्यालाही ठाऊक नाही.

ती बराच वेळ पट्ट्याकडं बघत राहिली,
मग माझ्याकडं, रागानंच.
तुकडे उचलले, वितीनं मोजले.
"पिशवीला बंद होतील," म्हणाली.

बारा नंबर.
हेल्मेट द्या इकडं.