आठ. एक काल पडली.

डुफीबाई म्हणतात, पान उलटताना श्वास धर.
एकोणीसशे एक्कावन्नचा कागद आहे,
शिंकलास तर
अख्खा सहावा कक्ष उडून जाईल.

मी श्वास धरतो.
स्कॅनरचा उजेड डावीकडून उजवीकडे सरकतो
आणि सुन्यानीच्या या खोलीत
झाडं एकेक करून हजेरी देतात:
ओडुम सत्तावीस.
वावा एकशे चार.
महोगनी नऊ.
नवावर पेन्सिलची काट, बाजूला बारीक अक्षरात
‘आठ. एक काल पडली.’

कोणी लिहिलं, नाव नाही.
अक्षर उतरतं आहे,
मांडीवर वही ठेवून लिहिल्यासारखं.

बाईंना इथे तेहेतीस वर्षं झाली.
सहा संचालकांशी जमवून घेतलं त्यांनी,
वाळवीशी कधीच नाही.
परवा मोठे साहेब सांगून गेले,
आता सगळं वर चढवायचं, जगाला दिसलं पाहिजे.
बाईंनी वर पाहिलं.
वर पंखा होता, तीन पात्यांचा,
त्यातलं एक वाकलेलं.

दुपारी वीज गेली.
तिच्या या जाण्यायेण्याला इथे नाव आहे, डुमसॉर,
म्हणजे विझ-पेट.
पंखा थांबला, स्कॅनर अर्ध्या पानावर मेला,
आणि दारात ग्यिमा उभा,
हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत ओडुमची फांदी,
पानांवर हिरव्या पुटकुळ्या.

चारशे रोपं लावली होती त्याने. कोकोच्या बागेशेजारी,
उघड्यावर, सरळ रांगेत, शाळेतल्या पोरांसारखी.
फोनला विचारलं, म्हणाला,
फोनने तीन औषधं दाखवली
आणि एक झाड, बर्फातलं.

बाई उठल्या. खिडकीजवळच्या उजेडात
कार्डांचा खण ओढला.
खणाला वीज लागत नाही.
बोटं चालली ओ-पाशी, ड-पाशी,
आणि थांबली:
‘ओडुम. गाठी. किडा पहा.’
अक्षर त्यांचंच, तरुणपणचं, गोल.

तिसऱ्या कपाटातून तपकिरी गठ्ठा आला.
अहवाल इंग्रजीत,
बाई वाचत होत्या थेट ट्वीमध्ये,
मध्ये कुठेच न अडखळता:
ओडुमला एकटं लावू नका.
इतर झाडांत मिसळा, थोडी सावली राहू द्या.
मग किडीचा त्रास कमी होतो.

ग्यिमा गप्प झाला.
‘हे तर माझी आई सांगायची.’
‘मग तू ऐकलं का नाहीस?’
‘ती काही शिकलेली नव्हती, बाई.’

बाईंनी गठ्ठा मिटला.
कोरं कार्ड घेतलं, पेन झटकलं.
‘आईचं नाव?’
‘अकुआ फोसुआ.’
‘आहे?’
‘नाही.’
त्यांनी लिहिलं: फोसुआ, अकुआ.
ओडुम सावलीत लावण्याविषयी. तोंडी. मुलाकडून.
आणि ते कार्ड खणात घातलं,
त्या अहवालाच्या आधी.

मग माझा फोन मागून घेतला
आणि तेच सगळं पुन्हा बोलल्या, त्यात,
जरा मोठ्याने, पलीकडचं माणूस बहिरं असल्यासारखं.
आठवड्याभरात तो आवाज
गोआसोपर्यंत गेला.
तिथून एका बाईने उलट विचारलं,
ही बोलणारी कोण? हिला
आमच्या वावाचंही विचारा.

वीज आली तेव्हा ग्यिमा गेलेला होता.
फांदी टेबलावर, मुंग्या तिच्यावर.
मी अर्ध्या राहिलेल्या पानाकडे वळलो.
यंत्राने सगळं नीट वाचलं होतं:
सत्तावीस, एकशे चार, नऊ.
पेन्सिल त्याला दिसत नाही.

शेऱ्याच्या रकान्यात मी हाताने टाइप केलं,
आठ.
एक काल पडली.
पडद्यावर आजची तारीख होती, त्यामुळे
ती महोगनी
काल पडल्यासारखी दिसत होती.

दुरुस्त करू का, विचारलं.
बाई चष्मा पुसत होत्या.
म्हणाल्या, राहू दे.