शेजार

चेम्पाकाच्या खाणीत हिऱ्याला हिरा म्हणत नाहीत.
नाव घेतलं की तो गाळातून आणखी खाली सरकतो,
म्हणून म्हणायचं, गालुह.
गालुह म्हणजे राजकन्या. गालुह म्हणजे
कुणाचीही पोरगी, शाळा बुडवून
खड्ड्याच्या काठावर पाय सोडून बसलेली.

नोर्सिनाह छातीभर पाण्यात उभी,
लाकडी परात गरगर फिरवते.
हलकं ते काठावरून जातं, जड ते मधे बसतं.
बावीस वर्षं बहुतेक हलकंच आलं.
मधे काळी वाळू,
आणि सोनं इतकंसं
की शिंकलं तर गेलं.

त्या मंगळवारी बसलं ते
वाटाण्याएवढं होतं,
आणि हिरवं.
तिला वाटलं, बाटलीची काच.
पंपवाला मास्रानीही म्हणाला, बाटलीची काच.
फेकणारच होती;
सवयीने ओठाला लावून पाहिलं,
आणि काच एवढी गार नसते.

माझ्या भाषेत हिरवा लिहिताना
हिऱ्याच्या पोटात एक व येऊन बसतो.
इतकी वर्षं लिहितोय,
दिसला आत्ता.

मार्तापुरात पामान ताब्रानीने
डोळ्याला भिंग लावलं ते बराच वेळ काढलं नाही.
चहा निवला. बाहेर कुणाची तरी मोटारसायकल
तीनदा सुरू होऊन बंद पडली.
मग म्हणाला, हा आतून पांढरा आहे.
हिरवी नुसती साल आहे.
घासली तर चारचौघांसारखा हिरा,
राहू दिली तर खडा.

खोल कुठेतरी, ही नदी व्हायच्या आधी,
नदीला नाव देणारे व्हायच्या कितीतरी आधी,
याला एक शेजारी होता,
किरण सांडत बसलेला कण.
आमच्याकडे म्हणतात, ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या,
वाण नाही पण गुण लागला.
इथे नेमकं उलटं झालं.
गुण तोच राहिला, टणक आणि मुका.
वाण लागला.
लाखो वर्षांच्या शेजाराचं
केसाएवढं जाड हिरवं.

सुराबायाचा व्यापारी मोबाइलचा टॉर्च मारून बघतो.
गुलाबी असता तर, म्हणतो, मी आज घरी फोन केला असता.
निळा असता तर कुणालाच केला नसता.
आणि समजावतो, काकी, या धंद्यात
थोडा मळला की भाव पडतो,
पुरता रंगला की आभाळाला लागतो,
मधल्याला वाली नाही.
नोर्सिनाह मान हलवते.
हे तिला हिऱ्यांच्या आधीपासून माहीत आहे.

ताब्रानीने नऊ दिवस घेतले.
सगळीकडून पैलू पाडले,
फक्त कमरेपाशी
सालीची एक किनार तशीच ठेवली, खरबरीत.
उजेड वरून आत गेला,
त्या किनारीला शिवून परत आला,
आणि अख्खा खडा हिरवा दिसू लागला,
तळ्यात शेवाळ एकाच काठाला असावं
आणि पाणी सगळंच हिरवं वाटावं तसा.
म्हातारा हसला नाही. दिव्याची वात खाली केली
आणि पुन्हा पाहिलं.

बँकॉकहून कागद आला.
वजन लिहिलं होतं, घाट लिहिला होता.
रंगाचा उगम, या ओळीपुढे
सांगता येत नाही.
कारण हल्ली असाच हिरवा
यंत्रात एका दुपारीत होतो,
आणि दगड काही साक्ष देत नाही
की त्याला दुपार लागली की युगं.

मग भाव मधेच कुठेतरी ठरला.
सात वाटे झाले; जमीनवाला, पंपवाला,
डिझेलची उधारी, उरलेलं खड्ड्यातल्यांचं.
नोर्सिनाहच्या वाट्याला छपराचे अकरा पत्रे आले
आणि पोरीला बक्कलाचे सँडल.

आज पुन्हा छातीभर पाणी.
पोरगी काठावरून विचारते,
आई, तो रंग खरा होता की केलेला?
परात फिरते आहे.
हलकं ते काठावरून जातं आहे.
सँडल काढून बस, नोर्सिनाह म्हणते,
चिखल लागेल.