अकरा नंबरची नोंद

चार तास आधीपासून चहा नको.
मांडीवरचे केस काढून यायचं,
अंगठी, घड्याळ, ताईताची पेटी बाहेर ठेवायची.
मग पाठीवर पडायचं, दहा मिनिटं, न हलता,
म्हणजे अंगातलं पाणी आपापल्या जागी बसतं.
हे मी सोहारमध्ये तीन भाषांत सांगते,
बाणकोटच्या दिलावर परकारला चौथीत.

चार पट्ट्या मांडीवर. जेल गार लागतं,
तो दचकतो, दरवेळी, आणि दरवेळी हसतो.
वीज इतकी थोडी की मुंगीलाही कळू नये.
ती आत जाते, आणि कोणी किती अडवलं
ते बाहेर येऊन सांगते.

ताजा स्नायू अडवतो,
पेशींच्या कडा परीटघडीच्या.
शंभर किलो खांद्यावर, आठ-आठचे पाच फेरे,
की तोच सुजतो, पाणी भरतं,
आकडा उतरतो.
थकलेला अडवत नाही.
हे मी शिकवते, कागदावर काढून दाखवते.
आणि मग आठवते कुसुमआत्या,
शेवटी शेवटी कशालाच नाही म्हणेनाशी झालेली.
आम्ही म्हणायचो, स्वभाव निवळला.

चोवीस तासांनी पुन्हा मोजायचं. अठ्ठेचाळीस. बहात्तर.
हैथम अल-बलूशी दुसऱ्याच दिवशी
दोन-दोन पायऱ्या ओलांडत जिना चढून आला,
आकडाही त्याच्यामागोमाग वर.
अकरा नंबर खालीच.
पट्ट्या बदलल्या, केबल बदलली,
एसी तेवीसवर आणला.
मग विचारलं.

बंदरावर रात्रपाळी, म्हणाला. कंटेनर जखडायचे.
फॉर्मवर क्लार्क लिहिलं होतं, सुवाच्य अक्षरात.
मग इथे आणि वजनं कशाला उचलतोस बाबा?
"उचलायला नाही हो, मॅडम.
ह्या दहा मिनिटांसाठी येतो.
खोलीत सात जणं. इथं कुणी हाक मारत नाही."

थकवा आणि थकबाकी एकाच घरातले शब्द,
इतकी वर्षं माझ्या लक्षात आलं नव्हतं.

अंगमेहनतीचं काम करणारा घ्यायचा नाही, पान तीन.
म्हणजे तो बाद, हे ठरलेलंच.
तरी बहात्तराव्या तासाला मी त्याला येऊ दिलं.
दुसऱ्या मिनिटाला घोरायला लागला.
दहा झाली, गजर वाजला, मी दाबून टाकला.
मगरिबची अजान झाली,
खिडकीबाहेर रस्त्याचे दिवे लागले, पिवळे,
समुद्राकडून दमट वारा काचेवर येऊन बसला.
मी केबल हातात धरून. बावन्न मिनिटं.

फार वेळ आडवं राहिलं की
पायातलं पाणी माघारी फिरतं,
आकडा आपोआप चढतो.
खोटी सुधारणा. पहिल्या वर्षाची पोरंही ओळखतील.
तसंच झालं. स्क्रीनवर तो जवळजवळ ताजा.

"किती आला?"
सांगितला.
"म्हणजे चांगला?"
चांगला, म्हटलं.
बूट घालताना शीळ घालत होता.
पावणेसातला गेटवर बस यायची.

तो गेल्यावर ओळीवर लाल रेघ मारली,
शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं:
झोपला होता. उठवला नाही.
सही केली, वेळ घातली.
उशीवर डोक्याएवढा खळगा होता अजून.
बारा नंबर दाराशी उभा,
चहा घेऊनच आलेला.