साडेतिसरा मजला

जेनोव्हातल्या आमच्या इमारतीच्या भिंती
हातभर जाड, दगडी.
तोफा अडवायला बांधल्या असतील,
आता फोन अडवतात.

घरात रेंज शून्य.
खिडकीतून अर्धं अंग बाहेर काढलं तर एक दांडी,
तीही समोरच्यांनी ओल्या चादरी टांगल्या नसतील तर.
फक्त तिसऱ्या-चौथ्याच्या मध्ये,
जिना वळतो तिथे, मीटरच्या पेटीखाली,
दोन फरश्यांपुरती रेंज पडते,
झरोक्यातून कवडसा पडावा तशी.

एर्सिलियाबाई तिथून दाताच्या डॉक्टरची वेळ घेतात, ओरडून.
तळमजल्याचा ओरेस्ते वकिलाशी बोलतो, कुजबुजत.
जिना दोघांचंही सारखंच घरोघरी पोचवतो.

आणि रात्री दोनला मारियुक्सी,
पाचव्यावरच्या म्हाताऱ्याला सांभाळणारी.
ग्वायाकिलला तेव्हा संध्याकाळ असते,
मुलगा पाढे म्हणून दाखवतो.
ती कपाळ भिंतीला टेकून उभी,
हलली की तुटतं.
तिची भाषा मला अर्धीच कळते;
आकडे मात्र जवळजवळ आमचेच.

मार्चमध्ये तिथे कुणीतरी खुर्ची ठेवली.
कुणी, ते कुणीच सांगत नाही.
उशी माझी आहे.

काल सातचा पाढा चालला होता.
सात सक बेचाळीस.
सात साते...
मग काहीच नाही.
पोरगा अडला की रेंज गेली, कळेना.
मारियुक्सी श्वाससुद्धा घेत नव्हती.
अंधारात चौथ्यावरचं दार करकरलं,
आणि एर्सिलियाबाई, झोपमोड झाल्यासारख्या, खेकसल्या:
"एकोणपन्नास!"