डोळे सरावेपर्यंत

सव्वाबाराला आले नत्थूजी पौनीकर,
डोक्याला ओला दुपट्टा, खिशात कांदा.
धंतोलीच्या गल्लीत डांबर चपलांना धरून ठेवत होतं.
पेपरात शेहेचाळीस होते म्हणे,
"आमच्या गोळीबार चौकात पन्नासच धरा."

मी दुपदरी पडदा ओढला,
फटीवर काळी टेप, आणि दिवा घालवला.
आता अर्धा तास नुसतं बसायचं.
"अन् तपासणी?"
हीच.

ते हसले. अंधारात एवढंच कळलं
की दातांतून थोडी हवा निघाली.
"बाई, हे तं माहंच काम होतं."

बर्डीवरच्या टॉकीजात एकतीस वर्षं टॉर्चवाले.
मॅटिनीला उन्हातून आलेली माणसं
दारातच खांब होऊन उभी,
हात पुढे, तळ्यात उतरल्यासारखी.
एकदा एक तहसीलदार कोणाच्या मांडीवर बसला.
"मी म्हनो, थांबा जी, घाई कायले करता?
मिनिटभर उभे राहा न, खुर्च्या आपोआप उगवते."

मिनिटभराने फक्त सुरुवात होते, नत्थूजी.
आधी शंकूपेशी सावरतात, आठ-दहा मिनिटांत,
दिवसपाळीच्या, रंगाच्या हौशी.
दंडपेशींना वेळ लागतो.
त्यांचा जांभळट रंग बाहेरच्या उन्हात उडालेला असतो,
गच्चीवर विसरलेल्या लुगड्यासारखा.
तो हळूहळू परत चढतो.
"बाप सूत रंगवे आमचा," ते म्हणाले.
"घाई केली का पयल्याच धुण्यात पानी लाल."

मग इंटरव्हलचं विचारलं त्यांनी.
दिवे लागले की सगळे डोळे चोळत,
पण समोसा हातात येईस्तोवर ठीक. असं कसं?
उजेडाला सरावणं लवकर होतं.
इतवारीत सोन्याचा काटा वेगळा, धानाचा वेगळा,
डोळा दोन्ही दुकानं एकाच गाळ्यात चालवतो.
गिऱ्हाईक बघून काटा बदलतो.

आणि एक गोष्ट सांगितली
जी कॉलेजात मला छापायची चूक वाटली होती:
अंधारात या पेशी गप्प नसतात.
अंधारातच त्या बोलत असतात, अखंड,
शेजारणीच्या कानाशी.
उजेड पडला की थांबतात.
आपल्याला दिसतं ते त्यांचं थांबणं.

बराच वेळ काही नाही.
फक्त कूलरची घरघर भिंतीपलीकडून.
मग, "पडदा उजळला का पब्लिक चूप. तसंच झालं हे."

बाविसाव्या मिनिटाला मला त्यांचा दुपट्टा दिसला,
मग गुडघ्यावरचा हात,
पाणी पिऊन ठेवलेल्या पेल्याची कड.
मी ठिपका दाखवला.
दिसला?
"कोनता?"
थोडा वाढवला.
दिसला?
"लावा तं आधी."

लाल मिणमिणत्या दिव्यात मी कागद पाहिला.
रेघ आधी उतरते, थबकते,
मग दुसऱ्यांदा उतरते, खोल,
विहिरीत आणखी एक पायरी असावी तशी.
त्यांची थबकली ती थबकलीच.

मी शब्द जुळवत होते.
"राहू द्या न बाई. मले माहीत हाय."
टॉकीज बंद व्हायच्या सहा वर्षं आधीपासून
ते पावलं मोजत होते:
दारापासून एच रांग एकोणीस,
बाल्कनीचा जिना तेवीस आणि एक तुटकी.
"लोकायले वाटे, टॉर्च त्यायच्यासाठी हाय."

मी कोपराला धरून त्यांना पडद्याबाहेर आणलं,
मग व्हरांडा, मग जाळीचं दार.
ऊन थापड मारावी तसं आलं.
पाणी आलं डोळ्यांत, समोर सगळं पांढरं,
मी दारातच खांब.

"पायरी हाय," कोणीतरी खालून म्हणालं.

जरा वेळाने दिसले ते,
तीन पायऱ्या उतरून, चपला घालून,
कांदा आहे का म्हणून खिसा चाचपत.